खोल पॅन घ्यावा कीं उथळ ?



गुदस्त वर्षीं पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें अमेरिकेंतील यूटा राज्यांतून पत्र आलें. हे गृहस्थ नोकरीनिमित्त तेथें पुष्कळ वर्षें राहत आहेत. त्या राज्याचा दक्षिण भाग म्हणजे लालसर वालुकाश्माचे उघडे खडक, कोरडे नाले आणि दूरवर पसरलेल्या निर्मनुष्य आडवाटा. सुटीच्या दिवशीं आपल्या जुन्या पिकअप ट्रकमधून मुलीस घेऊन ह्या आडवाटांनीं हिंडण्याची त्यांस हौस आहे. उन्हाळ्यांत एके दिवशीं एका कोरड्या नाल्याच्या सैल वाळूंतून तासभर गाडी रेटीत नेल्यावर तिनें दम सोडला. इंजिन फिरे, पण चाकें हलेनात. आणि खालून तेलाचा जळका वास येऊं लागला. त्या ठिकाणीं मोबाइल चालत नव्हता. बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. उन्हें उतरेपर्यंत गाडीच्या सावलींत बसून मग बापलेकींनीं चार मैलांची वाट पायीं तुडविली, तेव्हां कोठें त्यांस डांबरी रस्ता लागला.

गिअरबॉक्स पुढें दुरुस्त झाला. परंतु दुरुस्तीपेक्षां सल्ल्यांनीं ते अधिक गोंधळले. एक स्नेही म्हणे, “गिअरबॉक्सखालीं खोल पॅन बसीव; अधिक तेल मावेल, गाडी तापणार नाहीं.” दुसरा म्हणे, “खोल पॅन म्हणजे दगडाला आमंत्रण. पहिल्याच खडकावर फुटेल.” पत्राच्या शेवटीं ते लिहितात, “सर, आधीं मोजा, मग बोला, असें आपण आम्हांस नववींत सांगत असां. आतां आपणच मोजून सांगावें.”

प्रश्न परदेशांतील आहे आणि वाहनही आपल्याकडे क्वचित् दिसणारें आहे. परंतु त्याचें उत्तर शोधतांना घनफळ, त्रैराशिक, उष्णता आणि कोन हे चारही विषय आम्हांस लागले, आणि ते सर्व तुमच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. म्हणून तें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हा पॅन म्हणजे काय तें पाहूं. ज्या गाडीस क्लचचें पेडल नसतें व जिचे गिअर आपोआप बदलतात, तिच्या गिअरबॉक्सला ऑटोमॅटिक ट्रान्समिशन म्हणतात. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. इंजिन एक चक्र फिरवितें, तें चक्र तेल भिरकावितें, आणि त्या तेलाच्या जोरानें दुसरें चक्र फिरून चाकांकडे शक्ति जाते. हर्मान फॉटिंगर ह्या जर्मन इंजिनिअरनें ही युक्ति १९०५ सालीं जहाजांसाठीं पेटंट केली. मोटारींत संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो जनरल मोटर्सच्या १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत, ‘हायड्रामॅटिक’ ह्या नांवानें. पुढें १९४८ सालीं ब्यूक गाड्यांच्या ‘डायनाफ्लो’ गिअरबॉक्समध्यें टॉर्क कन्व्हर्टर आला. हा कन्व्हर्टर शक्ति नुसती पोंचवीत नाहीं, तर गाडी मंद असतांना जोर वाढवूनही देतो. आज आडवाटेच्या ऑटोमॅटिक पिकअप ट्रकमध्यें तोच असतो.

अशा गिअरबॉक्समध्यें तेल चार कामें करतें. तें शक्ति वाहतें, आपल्या दाबानें क्लचच्या चकत्या घट्ट धरून ठेवतें, चक्रांस वंगण होतें, आणि उष्णता उचलून कूलरकडे नेतें. हें सर्व तेल शेवटीं गिअरबॉक्सच्या तळाशीं बोल्टांनीं आवळलेल्या एका परातीसारख्या भांड्यांत जमतें. हाच तो पॅन. इंजिनाखालील अशाच भांड्याला आपल्याकडील मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. पॅनच्या तळाजवळ फिल्टर असतो. त्याच्या तोंडांतून पंप तेल वर ओढतो आणि पुन्हा कामास लावतो.

आतां तेल तापतें कां ? सैल वाळूंत इंजिन जोरानें फिरतें, पण गाडी मुंगीच्या पावलांनीं चालते. कन्व्हर्टरमधील एक चक्र वेगानें आणि दुसरें मंद फिरतें. जी शक्ति चाकांपर्यंत पोंचत नाहीं ती नाहींशी होत नाहीं. ती तेलांतच उष्णतेच्या रूपानें राहते. सपाट रस्त्यावर ह्या तेलाचें उष्णतामान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस असतें. तें १२० अंशांच्या वर वारंवार जाऊं लागलें म्हणजे तेल काळवंडतें, त्याचा चिकट थर धरतो, रबरी सीलें कडक होतात आणि क्लचच्या चकत्या घसरूं लागतात. चकत्या घसरल्या कीं आणखी उष्णता उत्पन्न होते. कारागीर लोकांत एक ठोकताळा आहे, कीं उष्णतामान सुमारें ११ अंशांनीं वाढलें कीं तेलाचें आयुष्य निम्मे होतें. ८० अंशांचें तेल ११३ अंशांवर गेलें, म्हणजे अशा तीन पायऱ्या चढलें, तर आयुष्य निम्म्याच्या निम्म्याचें निम्मे, अर्थात् एक-अष्टमांश उरतें. ठोकताळा हा नियम नव्हे. पण जळका वास कां आला हें त्यावरून समजतें.

आतां खोल पॅनकडे वळूं. समजा, पॅनचा तळ ३० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद आहे, आणि नवा पॅन जुन्यापेक्षां ४ सेंटिमीटर अधिक खोल आहे. ३० × २५ × ४ म्हणजे ३,००० घन सेंटिमीटर, अर्थात् ३ लिटर तेल अधिक मावेल. गिअरबॉक्स, कन्व्हर्टर व कूलर मिळून आधीं १२ लिटर तेल असेल, तर आतां तें १५ लिटर झालें.

चुलीवर एकदां तांब्याभर आणि एकदां हंडाभर पाणी ठेवून पाहा. जाळ तोच, पण तांब्यांतील पाणी लवकर उकळेल. येथेंही तसेंच होतें. जाळ सारखा धरला आणि लोखंडाला लागणारी उष्णता तूर्त बाजूस ठेवली, तर १२ लिटर तेल ९० वरून १२० अंशांवर जाण्यास ४ मिनिटें लागत असल्यास १५ लिटर तेलास किती लागतील ? त्रैराशिक मांडा : ४ × १५ ÷ १२ = ५ मिनिटें. खोल पॅननें आमच्या मित्रास एक मिनिट अधिक मिळालें.

येथेंच त्यांच्या पहिल्या स्नेह्याची चूक दिसते. पॅननें वेळ मिळाला, गारवा मिळाला नाहीं. जाळ तसाच राहिला तर हंडाही शेवटीं उकळतोच. एवढेंच नव्हे, तर उशिरां तापलेला हंडा उशिरांच निवतो. म्हणून चढ चढून आल्यावर पूर्वीइतकीच विश्रांति घेऊन भागत नाहीं. वाटेंत आखूड व तीव्र चढ असतील आणि मध्यें मोकळी सपाटी असेल, तर हा एक मिनिट पुष्कळ उपयोगीं पडतो. परंतु तासभर वाळू तुडवावयाची असेल, तर उष्णता हवेंत टाकून देणारा मोठा ऑइल कूलरच पाहिजे. सांठा वाढविणें आणि निचरा वाढविणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

कित्येक खोल पॅन ॲल्युमिनिअमचे ओतीव असून त्यांच्या बाहेरील अंगास पंखांसारख्या पट्ट्या असतात. ॲल्युमिनिअममधून उष्णता पोलादापेक्षां कितीतरी लवकर जाते हें खरें. पण पॅनच्या बाहेर ती उष्णता घेऊन जाणारा वारा हवा. हमरस्त्यावर वेगानें जातांना तो मिळतो. वाळूंत किंवा खडकांत पायीं चालण्याच्या वेगानें जातांना मिळत नाहीं. त्यांतून पट्ट्यांमध्यें चिखल वाळून बसला, तर त्याची गोधडीच होते. म्हणून पट्ट्यांकडे पाहून पॅन निवडूं नये.

खोल पॅनचा दुसरा गुण मात्र आडवाटेच्या गाडीस विशेष लागू पडतो. गाडी चढावर तिरपी झाली तरी तेलाचा पृष्ठभाग आडवाच राहतो. २० अंशांच्या चढावर ३० सेंटिमीटर लांब पॅनच्या एका टोकाशीं तेल मध्यापेक्षां सुमारें साडेपांच सेंटिमीटर खालीं जातें व दुसऱ्या टोकाशीं तितकेंच वर चढतें. उथळ पॅनमध्यें अशा वेळीं फिल्टरचें तोंड उघडें पडूं शकतें. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि चकत्या घसरतात. सपाटीवर निर्दोष चालणारी गाडी ऐन चढावरच कां दगा देते, ह्याचें हें एक कारण आहे.

परंतु पॅन खोल केला आणि फिल्टर होता तेथेंच राहिला, तर हा लाभ मिळत नाहीं. विहीर खोल केली तर पोहऱ्याचा दोरही लांब करावा लागतो. नाहींतर खालचें पाणी असून नसल्यासारखें. म्हणून पॅनबरोबर फिल्टरचें तोंड खालीं नेणारा जोडतुकडा, किंवा त्या खोलीसाठींच केलेला फिल्टर, मिळतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. जनरल मोटर्सच्या १९९३ सालीं आलेल्या फोर-एल-सिक्स्टी-ई गिअरबॉक्सला कारखान्यांतूनच उथळ व खोल असे दोन प्रकारचे पॅन येत, आणि प्रत्येकाचा फिल्टर निराळा असे. उलट बाजूनें, फिल्टर तळाला अगदीं टेकतांही कामा नये. तोंडाखालीं दोन-तीन सूत मोकळी जागा हवी, नाहींतर तेल आंत शिरण्यास वाट उरत नाहीं.

आतां दुसऱ्या स्नेह्याचें म्हणणें तपासूं. खोल पॅन खडकावर आपटेल काय ? पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३५० सेंटिमीटर आणि गाडीच्या मध्यभागाची जमिनीपासून उंची २५ सेंटिमीटर आहे असें समजा. उंचवटा ओलांडतांना गाडी पोटावर बसेल कीं नाहीं हें एका कोनावरून ठरतें. त्याच्या अर्ध्याचा स्पर्शक म्हणजे २५ ÷ १७५, अर्थात् एक-सप्तमांश. कोष्टकांत पाहिलें तर अर्धा कोन सुमारें ८.१ अंश येतो. म्हणून पूर्ण कोन सव्वासोळा अंशांच्या आसपास. आतां मध्यभागीं ४ सेंटिमीटर उंची कमी झाली तर २१ ÷ १७५ म्हणजे ०.१२, अर्धा कोन सुमारें ६.८ आणि पूर्ण कोन पावणेचौदा अंशांच्या आसपास. म्हणजे चार सेंटिमीटरांपायीं अडीच अंश गेले. पॅन बरोबर मध्यावर नसून थोडा पुढें असतो, म्हणून प्रत्यक्षांत आंकडा थोडा बदलेल. पण खडकाळ वाटेवर अडीच अंश ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मात्र ह्या हिशोबांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती तुमच्या ध्यानांत आली काय ? पॅन हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग आहे असें आम्हीं मानलें. बहुतेक ट्रकांत गिअरबॉक्सला आधार देणारा एक आडवा लोखंडी बार असतो, आणि पुष्कळदां तोच पॅनपेक्षां खालीं असतो. पॅन त्या बाराच्या वरच राहिला तर आपण कांहींच गमावलें नाहीं. बाराच्या खालीं आला तर प्रत्येक दगडाचा पहिला तडाखा त्यालाच बसेल. पोलादी पत्र्याचा पॅन आपटला तर चेपतो, आणि फार चेपला तर फिल्टरचें तोंड बंद होतें. ॲल्युमिनिअमचा ओतीव पॅन अधिक ताठ असतो, पण मोठ्या आघातानें तडकतो. चेपलेला पॅन घेऊन गाडी कशीबशी घरीं येते. तडकलेल्या पॅनमधून तेल वाटेवरच सांडून जातें.

खरेदीच्या वेळीं आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या. पॅन त्याच गिअरबॉक्सचा हवा. जनरल मोटर्सच्याच दोन गिअरबॉक्सांचें उदाहरण घ्या : १९६९ सालीं निघालेल्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० च्या पॅनला १३ बोल्ट, तर फोर-एल-सिक्स्टी-ईच्या पॅनला १६. पॅनला तेल सोडण्याचें बूच असावें. पुष्कळ जुन्या पॅनना तें नसे, आणि तेल बदलण्यासाठीं संपूर्ण पॅन उतरवून हातापायांवर तेल सांडून घ्यावें लागे. पण हें बूच तळाबाहेर डोकावणारें नसावें. बाजूस किंवा खोबणींत असावें, म्हणजे दगड त्यास लागणार नाहीं. बुचाला लोहचुंबक असल्यास लोखंडाचा कीस त्याला चिकटतो, आणि तेल बदलतांना आंत किती झीज झाली हें कळतें. उष्णतामापकाची तार जोडण्यास छिद्र असल्यास फारच उत्तम.

बसवितांना बोल्ट ठरल्यापेक्षां जोरानें आवळूं नयेत. पान्यावर भार दिला म्हणजे गळती थांबते असें वाटतें. खरें पाहतां पत्र्याची कड वांकते, गॅस्केट पिळलें जातें आणि गळती सुरू होते. जाड कडेच्या ओतीव पॅनसाठीं लांब बोल्ट लागतात. ते त्या पॅनबरोबर आलेलेच वापरावे, कारण फाजील लांब बोल्ट गिअरबॉक्सच्या मऊ धातूंतील आटे बिघडवितो.

तेल भरतांना तीन लिटर अधिक म्हणून डोळे मिटून ओतूं नये. गाडी सपाटीवर उभी करून, तेल तापल्यावर व इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहावी. पॅन खोल झाला तरी डिपस्टिकवरील खूण तीच राहते, कारण तेलाची पातळी फिरत्या चक्रांच्या मानानें ठरलेली असते. त्या खुणेच्या वर तेल गेलें तर चक्रें तें घुसळतात व त्याचा फेंस होतो. आणि फेंसानें दाब धरत नाहीं. मोजतांना गिअर कोठें ठेवावा हेंही गाडीच्या पुस्तकांत पाहावें. जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत तो पार्कमध्यें ठेवतात, तर क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सांत न्यूट्रलमध्यें.

हें सर्व मांडून झाल्यावर आम्हीं आमच्या मित्रास असें कळविलें : “दोघेही स्नेही अर्धे बरोबर आहेत, कारण दोघांनींही मोजलें नाहीं. प्रथम उष्णतामापक बसवा. त्याची किंमत पॅनहून थोडी, आणि त्याच्याशिवाय रोग कोणता हेंच कळणार नाहीं. वाळूंत कांटा एकसारखा चढत असेल तर मोठा कूलर लावा. चढावर गाडी घसरत असेल, पण कांटा वर जात नसेल, तर आधीं तेलाची पातळी पाहा. ती बरोबर असल्यास फिल्टर उघडा पडत असण्याचा संभव आहे, आणि तेथें लांब तोंडाच्या फिल्टरसह खोल पॅन उपयोगी पडेल. मात्र गाडीखालीं जाऊन आडव्या बारापर्यंत किती जागा आहे तें मोजा. पॅन बाराच्या वर राहील एवढाच खोल घ्या. तेवढी जागा नसेल तर मूळचाच पॅन ठेवून त्याखालीं जाड संरक्षक पत्रा लावा.”

त्यांचें उत्तर नाताळाच्या सुमारास आलें. गाडीखालीं सरळ फळी धरून मापें घेतलीं. फळी बापानें धरली, टेप मुलीनें. कारण त्या अरुंद जागेंत तिचाच हात पोंचत होता. आडवा बार पॅनहून पांच सेंटिमीटर खालीं निघाला. मग त्यांनीं चार सेंटिमीटर अधिक खोल असा पोलादी पॅन, त्याचा फिल्टर, एक कूलर आणि उष्णतामापक एवढें सामान घेतलें. मोठे, चकचकीत ओतीव पॅन दुकानांत होते; ते सात सेंटिमीटर अधिक खोल असल्यामुळें त्यांनीं सोडून दिले.

शेवटीं ते लिहितात, कीं मागच्या रविवारीं ते पुन्हां त्याच नाल्यांत गेले. मापकाकडे पाहण्याचें काम मुलीकडे होतें. निम्मी वाळू ओलांडली तोंच ती म्हणाली, “बाबा, एकशें बारा.” त्यांनीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, गिअर न्यूट्रलमध्यें टाकला आणि तेल कूलरमधून फिरत राहावें म्हणून इंजिन चालू ठेवलें. पंचवीस मिनिटांनीं कांटा नव्वदावर आला. मग पुढें जाण्याचा हट्ट न धरतां ते आल्या वाटेनें परतले, आणि संध्याकाळच्या जेवणास घरीं होते.

पॅनच्या किंमतीविषयीं किंवा गाडीच्या जोराविषयीं त्या पत्रांत फारसें कांहीं नाहीं. आमच्या ह्या जुन्या विद्यार्थ्यानें त्याबरोबर मुलीनें काढलेलें एक चित्र मात्र पाठविलें आहे : गाडीचा तळ, आडवा बार, पॅन आणि प्रत्येकापुढें सेंटिमीटरांत लिहिलेलें माप. तें आम्हीं नववीच्या वर्गांत भिंतीवर लावलें आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अवश्य येऊन पाहावें, आणि त्यांतील मापांवरून वर दिलेला कोन स्वतः काढून पाहावा.